घरघर गिटारची की नाट्यगृहाची?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या ऑर्केस्ट्रांवर आलेला लेख आवडला. लेखकाने कष्टाने माहिती जमवली आहे आणि फोटोंतले चेहरे ओळखण्यात आमच्या घरातली अख्खी दुपार गेली. मात्र लेखाच्या शेवटाकडे जाता जाता एक वाक्य येतं. हल्लीच्या कार्यक्रमांत पडदा उघडल्यापासून भैरवीपर्यंत स्पीकरमधून जी घुंऽऽ अशी घरघर ऐकू येते, तिचं खापर लेखकाने लोकल बनावटीच्या स्वस्त बेस गिटारींवर, म्हणजे खर्जातले सूर देणाऱ्या चार तारांच्या इलेक्ट्रिक गिटारींवर, फोडलं आहे. आमच्या भागात लोकल बनावटीच्या बेस गिटारी करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला मी एक. तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

मी मिरजेचा. मिरज म्हटलं की लोक विचारतात, सतारमेकरांपैकी का? नाही. शिकलगारांनी इथे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सतार-तंबोऱ्याचं काम सुरू केलं, २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या परंपरेशी माझं नातं इतकंच की मी त्यांच्या शेजारी राहतो आणि लाकूड घेण्याआधी त्यांना दाखवून घेतो. माझा धंदा मोटर रिवायंडिंगचा. आयटीआयला वायरमन ट्रेड केला, दिवसा पाण्याच्या मोटारी भरायच्या आणि रात्री ऑर्केस्ट्रात बेस वाजवायची, असं तरुणपण गेलं. आता दुकान मुलगा बघतो आणि मी मागच्या खोलीत बेस बनवतो, दुरुस्त करतो. वायरमनने वाद्य बनवावं याचं कुणाला हसू येत असेल तर सांगतो, ज्याने १९५१ साली ही इलेक्ट्रिक बेस बाजारात आणली, तो लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. गिटार त्याला वाजवतासुद्धा येत नसे.

आता लोकल बनावटीबद्दल. बॉडीला मी पाडलेल्या वाड्यांच्या सागवानी तुळया वापरतो. पन्नास-साठ पावसाळे खाल्लेलं लाकूड, जे काय वाकायचं-फाटायचं ते वाड्यातच वाकून-फाटून झालेलं. वजन थोडं जास्त होतं, वाजवणारे कुरकुरतात, मग मागून खोदून हलकं करून देतो. दांडी सागवानाचीच आणि वर बोटं चालतात ती पट्टी शिसवीची. ही शिसवी काही गावठी वस्तू नाही. परदेशातल्या नामांकित गिटारींवर जी काळपट तांबूस पट्टी दिसते त्यातली बरीचशी आपल्या दक्षिणेकडच्या शिसवीची असते. २०१७ च्या जानेवारीपासून या जातीच्या सगळ्या लाकडावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांची तारांबळ उडाली आणि त्यांनी काही मॉडेलांना दुसरीच लाकडं लावली. पुढे २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. लाकडाच्या बाबतीत आम्हाला कुणाकडे बघायची गरज नाही, एवढंच सांगायचं होतं.

खरी कारागिरी दांडीत आहे. बेसच्या चार तारा मिळून दांडीला पाऊणशे-ऐंशी किलोच्या आसपास ओढ देतात. तेवढ्या ओढीने कुठलंही लाकूड पुढे वाकतं, म्हणून दांडीच्या पोटात लोखंडी सळई घालतात आणि ती एलन कीने आवळून-सैल करून बाक जमवतात. सरळ रेषेसारखी दांडी चालत नाही, किंचित पोक हवा. तार पहिल्या पडद्यावर (पडदा म्हणजे दांडीवरची आडवी धातूची पट्टी) आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरायची आणि मधोमध, सातव्या-आठव्या पडद्यापाशी, तारेखालून व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघायचं. जेमतेम सरकलं की झालं. त्याहून फट जास्त असेल तर बोटं दुखतात, कमी असेल तर तार पडद्यांवर आपटून झणझणते. आमच्या शेजारचे सतारमेकर इथे मला हसतात. तंबोऱ्याची जवारी काढताना ते घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती, घासून घासून जी झणझण आणतात, तीच घालवण्यासाठी मी कानस घेऊन बसतो. आणि त्यांचा पडदा सरकवता येतो, माझा एकदा ठोकला की ठोकला.

कोकणातून येणाऱ्या बेसची गत वेगळी. पावसाळ्यात दमट हवेने दांडी हलते आणि गणपतीच्या तोंडावर फोन सुरू होतात, की दादा, तारा एकदम वर गेल्यात. सळईला पाव फेरा द्या, रात्रभर ठेवा, सकाळी बघा, असं मी फोनवरच सांगतो. एकदम पूर्ण फेरा देणाऱ्यांची सळई तुटते आणि मग ती बेस एसटीतून माझ्याकडे येते.

खुंट्या आणि घोडी मात्र चिनी किंवा कोरियन घ्याव्या लागतात. लोकल खुंट्यांच्या दात्यांत ढिलेपणा राहतो, सूर उतरतो. लेखकाने यावर टीका केली असती तर मी मान डोलावली असती. घरघरीचा मुद्दा मात्र साफ चुकला आहे आणि तो का चुकला हे सांगायला थोडं पिकअपमध्ये शिरावं लागेल.

बेसच्या तारांखाली जो काळा डबा दिसतो तो पिकअप, त्यात लोहचुंबक असतं आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार किती बारीक, तर साधारण ४६ गेज, केसाइतकी. पाण्याच्या मोटारी भरून हात जड झालेल्या माणसाला ही तार म्हणजे शिक्षा असते, श्वास जोरात सोडला तरी तुटते. वरची पोलादी तार हलली की या वेढ्यांत वीज उठते आणि तीच पुढे आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पला जाते. अडचण अशी की हे वेढे तारेची हालचाल जितक्या इमानाने पकडतात, तितक्याच इमानाने आसपासच्या ट्रान्सफॉर्मरची, चोकची, दिवे मंद करणाऱ्या डिमरची ५० हर्ट्झची घरघरही पकडतात. बेसवाल्याचं दुर्दैव बघा. सगळ्यात जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर जो स्वर लागतो, म्हणजे पांढरी एकच्या गाण्याचा पंचम, तो ४९ हर्ट्झचा. विजेची घरघर ५० ची. दोन्ही एकत्र वाजले की दर सेकंदाला एक हेलकावा येतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं बेसवाला बेसूर आहे.

यावरचा इलाज मात्र केव्हाच निघाला आहे. फेंडरनेच १९५७ साली पिकअपचे दोन तुकडे केले, एक जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली, आणि त्यांचे वेढे नि चुंबकं एकमेकांच्या उलट ठेवली. तारांचा आवाज बेरजेत येतो, बाहेरची घरघर वजाबाकीत जाते. मी बनवतो त्या बहुतेक बेसमध्ये हीच जोडणी असते. दोन सुट्या पिकअपवाली जी १९६० ची पद्धत आहे तिच्यातही दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले की घरघर मरते, एक खाली केला की परत येते. शिवाय आतली खोबण मी तांब्याच्या पत्र्याने मढवतो. काही जण अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवतात, तेही चालतं, फक्त त्यावर सोल्डर धरत नाही, वायर स्क्रूखाली दाबावी लागते आणि दोन वर्षांत ती सैल होते.

तर लेखकमहाशय, घरघर कुणाची हे ठरवायला फार विद्वत्ता लागत नाही. कार्यक्रम सुरू असताना बेसवाल्याला सांगा, बेसचं व्हॉल्यूमचं बटण शून्यावर आण. घुं थांबली तर दोष गिटारीचा असू शकतो. तशीच राहिली तर केबल बदलून बघा. तरीही राहिली तर गिटार सुटली, आरोपी पुढे आहे. मी ज्या ज्या नाट्यगृहांत, मंगल कार्यालयांत आणि मांडवांत हे करून पाहिलं त्यांतल्या बहुतेक ठिकाणी बटण शून्यावर गेलं तरी घुं जागची हलली नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. घरघरीने फार तर कान किटतात. जिथून ती येते तिथून माणूस मरू शकतो.

बेसच्या घोडीखालून एक बारीक वायर आत जाते. खरेदी करताना ती कुणी बघत नाही, दिसतही नाही. त्या वायरमुळे सगळ्या तारा केबलच्या जाळीला, जाळी अ‍ॅम्पच्या पत्र्याला आणि पत्रा प्लगच्या तिसऱ्या, मोठ्या पिनेला जोडला जातो. ती पिन भिंतीतून जमिनीपर्यंत पोचली असेल तर तारांना हात लावताक्षणी घरघर कमी होते, कारण वाजवणाराचं अंगही जमिनीशी जोडलं जातं. पण ती पिन कुठेच पोचत नसेल तर? तर अ‍ॅम्पच्या पत्र्यावर जे काही उतरलं असेल ते सगळं वाजवणाराच्या दहा बोटांत येऊन थांबतं. हल्लीच्या हलक्या एसएमपीएस अ‍ॅम्पमध्ये तर बिघाड नसतानाही, अर्थिंग नसेल तर पत्र्यावर सप्लायच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत असतं. त्याने मुंग्या येतात. आमची पोरं त्याला गमतीने ‘करंटवाली बेस’ म्हणतात. आणि याच माणसाने कोरस द्यायला ओठ माइकच्या जाळीला लावले, माइकचा मिक्सर दुसऱ्या फेजवर असला आणि दोन्हींपैकी एकात बिघाड असला, की मधे पूल बनून तो उभा.

हे मनाचे खेळ नाहीत. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे भर स्टेजवर असाच गेला. एक हात गिटारीवर, दुसरा अर्थिंग नसलेल्या माइकवर.

आपल्याकडे काय चालतं ते स्टेजच्या मागे येऊन बघा. पहिली गोष्ट, अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन मोडलेली असते. मुद्दाम मोडलेली. दोन ठिकाणच्या अर्थिंगचा फेरा झाला की घरघर वाढते, पिन काढली की ती कमी होते, म्हणून साउंडवाले पक्कड घेऊन ती उडवतात. खरं तर त्यासाठी डीआय बॉक्सवर, म्हणजे गिटार आणि मिक्सरच्या मधे लावायच्या डबीवर, ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते फक्त आवाजाच्या केबलची जाळी तोडतं, विजेची अर्थिंग जागेवर राहते. बटण दाबायला कष्ट कमी आहेत, पण डीआय बॉक्स विकत घ्यावा लागतो आणि पक्कड खिशात असते.

दुसरी गोष्ट याहून वाईट. सॉकेटमध्ये अर्थची वायर आलेलीच नसते, आणि तपासणाऱ्याला बरं वाटावं म्हणून आतल्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून दिलेले असतात. मीटर लावला की झकास रीडिंग येतं. ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल सुटेल त्या दिवशी अ‍ॅम्पचा पत्रा, केबलची जाळी आणि बेसच्या चारही तारा २३० व्होल्टवर जातील. माझ्या ट्रेडच्या माणसांनी हे करावं याची मला लाज वाटते, पण करतात.

एका नाट्यगृहाचा प्रसंग सांगतो, नाव घेत नाही. गायिका ताई स्टेजला नमस्कार करून, चपला विंगेत काढून आल्या. आपल्याकडे बरेच कलाकार रंगमंचावर चप्पल घालत नाहीत, सरस्वतीचं ठिकाण मानतात. माइक हातात घेतला आणि किंचाळून सोडून दिला. नाट्यगृहाचा वायरमन आला. त्याने ना सॉकेट उघडला, ना मेन बंद केली. तो म्हणाला, “ताई, चप्पल घालून गा.” ताईंनी माइकला रुमाल गुंडाळला आणि कार्यक्रम पूर्ण केला. टाळ्याही पडल्या. मी मागे बेस घेऊन उभा होतो, पायात जाड रबरी सोलचे बूट. ते मी हौसेने घालत नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वखुशीने टेस्ट लॅम्प घेऊन तिथे गेलो. शंभरचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. एक टोक फेजला, दुसरं अर्थला. अर्थिंग धड असेल तर बल्ब फेज-न्यूट्रलमध्ये लागतो तितकाच लखलखीत लागतो. तिथे तो काजव्याइतकाही लागला नाही. नुसत्या डिजिटल मीटरवर विसंबू नये ते यासाठीच, त्याला तरंगतं व्होल्टेजही खरं वाटतं. वॉचमनशी बोलता बोलता कारण कळलं. नूतनीकरणात मागच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवले, आणि अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण त्याखाली गेलं. मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतावं लागतं, नाहीतर माती सुकते आणि अर्थिंग कागदावर उरते. पाणी ओतणारा जुना माणूस रिटायर झाला, नव्याला खड्डा आहे हेच ठाऊक नाही. वरून येणारी पट्टीही कुठेतरी तुटली असणार, त्याशिवाय बल्ब इतका मेला नसता.

याच नाट्यगृहाच्या भाड्याच्या फॉर्मवर पान-तंबाखू खाऊ नये, भिंतीला खिळे ठोकू नयेत, उशीर झाल्यास दंड, असे नियम आहेत. वीज आकार वेगळा घेतात. त्या आकारात अर्थिंग येत नाही का, हे एकदा कुणीतरी विचारावं.

मागणं मोठं नाही. स्टेजवरच्या सॉकेटांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. गळती झाली तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सप्लाय तोडतो, आणि त्याची किंमत एका कार्यक्रमाच्या हारतुऱ्यांइतकी नसेल. अर्थिंगचा रोध वर्षातून दोनदा, त्यातला एकदा भर मे महिन्यात, अर्थ टेस्टरने मोजावा आणि तारखेसह आकडा मेन बोर्डाशेजारी लावावा. आम्हाला आयटीआयत ५ ओहमच्या आत शिकवलं होतं. साउंड आणि लाइट यांचे सॉकेट वेगळे असावेत, डिमरच्या लाइनवर अ‍ॅम्प लावायला कुणी सांगू नये. मांडवांबाबत बोलायचं तर भिजलेल्या मैदानात जनरेटर येतो आणि त्याची अर्थची वायर मांडवाच्या बांबूला गुंडाळून ठेवलेली मी पाहिली आहे. गणेशोत्सवाच्या परवानग्या देताना तेवढा एक रकाना वाढवायला हरकत नसावी.

वाजवणाऱ्या पोरांनाही एक सांगायचंय. व्हिडिओ बघून काही जण घोडीची वायरच कापून आणतात, म्हणजे शॉक बसणार नाही. तारांतून बसणार नाही हे खरं, पण घरघर दुप्पट होते, आणि अ‍ॅम्पच्या पत्र्याला, केबलच्या टोकाला हात लागला की शॉक तिथून बसतोच. वायर मी परत जोडून देतो, पैसे घेत नाही. बेस अ‍ॅम्पला लावण्याआधी मात्र साधा लाइन टेस्टर माइकच्या जाळीला आणि अ‍ॅम्पच्या स्क्रूला लावून बघायची सवय ठेवा. दिवा मिणमिणला तरी प्लग काढा आणि आयोजकाला बोलवा. मानधन बुडेल या भीतीने बरेच जण गप्प राहतात, हे मला ठाऊक आहे, कारण आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातले बेसवादक टोनी वाझ काय वाजवायचे हे तोंडपाठ असलेली पोरंसुद्धा आमच्याकडे रात्रीला मिळेल त्यावर वाजवतात.

वर सांगितलेल्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांच्या वाचनात हे पत्र आलं, तर त्यांना आपलं नाट्यगृह ओळखता येईल. खड्डा कुठे आहे ते मी जुन्या वायरमनला विचारून ठेवलं आहे. मागच्या विंगेच्या दारातून बाहेर पडलं की पाण्याच्या टाकीच्या अलीकडे, भिंतीपासून दोनेक हात. पहार असली की चार ब्लॉक निघतील.

आपला,
एक बेसवादक आणि कारागीर, मिरज